अठराव्या वर्षाचा उंबरठा
दिव्यांग किशोरांच्या प्रौढ जीवनाची पूर्वतयारी

जून महिन्यात शाळा उघडतात. नवे हजेरीपट मांडले जातात आणि जुन्या पटावरील काही नावांपुढे ‘वय पूर्ण झाल्याने शाळा सोडली’ असा शेरा पडतो. इतर मुलांच्या बाबतीत हा शेरा पुढच्या वाटचालीची नोंद असते. कोणी महाविद्यालयात जातो, कोणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, तर कोणी वडिलांच्या हाताखाली शेतात. परंतु बौद्धिक अक्षमता, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलामुलींच्या बाबतीत हा शेरा पुष्कळदा शेवटचाच ठरतो. त्यानंतर त्यांचे नाव कोणत्याही नोंदवहीत आढळत नाही. मूल मोठे होते, पण घराच्या ओसरीवरच राहते.

एखाद्या गावातील सोळा वर्षांचा असा एक मुलगा डोळ्यांसमोर आणावा. त्याला बौद्धिक अक्षमता आहे. त्याला दहाच्या नोटेपर्यंत हिशेब कळतो, शाळेतील पाण्याचा पिंप तो न सांगता भरतो आणि आळीतील प्रत्येक घरची शेळी ओळखतो. आई मजुरीला जाते, वडील आजारी असतात. शाळा आहे तोवर दिवसाचे सहा तास तो सुरक्षित आहे, कशात तरी गुंतलेला आहे आणि त्याची चौकशी करणारे एक माणूस आहे. दोन वर्षांनी शाळा संपेल. त्या दिवशी त्याच्या हाती काय असेल, हा प्रश्न आज विचारला गेला तर त्याला उत्तर आहे. तोच प्रश्न दोन वर्षांनी विचारला गेला, तर त्याचे उत्तर शोधण्यातच आणखी काही वर्षे निघून जातात.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. यांपैकी प्रत्येक पिढीतील मुले अठराव्या वर्षाचा उंबरठा ओलांडतात. त्यांच्यासाठी कायदे आहेत, योजना आहेत, निधीही आहे. मात्र बालकांच्या योजना एका विभागाकडे आणि प्रौढांच्या दुसऱ्या विभागाकडे असल्याने, एका दारातून बाहेर पडलेल्या मुलाचा हात धरून त्याला दुसऱ्या दारापर्यंत नेण्याची जबाबदारी सहसा कोणाचीच नसते. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि तालुक्याचे अधिकारी यांनी ही उणीव कशी भरून काढावी, याचा विचार येथे केला आहे.

अठराव्या वर्षी काय बदलते?

भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ नुसार अठरा वर्षे पूर्ण होताच व्यक्ती सज्ञान होते. दिव्यांगत्वामुळे या नियमास अपवाद होत नाही. मूल कितीही परावलंबी असले, तरी त्या दिवसापासून आईवडील कायद्याने त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. बहुतेक कुटुंबांना ही गोष्ट बँकेच्या खिडकीवर किंवा जमिनीच्या व्यवहाराच्या वेळी प्रथमच समजते.

काही हक्क या वयाशी संपतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. त्याच्या कलम ३१ अन्वये लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षे या वयात जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अशा विद्यार्थ्यास पाठ्यपुस्तके, शैक्षणिक साहित्य व साहाय्यभूत साधने विनामूल्य देण्याची तरतूदही अठरा वर्षांपर्यंतच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली होणारी आरोग्य तपासणी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी आहे. विशेष शाळांतील वास्तव्यही सर्वसाधारणपणे याच वयाशी निगडित असते.

याच वयात दुसरे हक्क सुरू होतात. केंद्र शासनाच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत किमान वयाची अट अठरा वर्षांची आहे. शासकीय सेवेतील ४ टक्के आरक्षण आणि उच्च शिक्षण संस्थांतील किमान ५ टक्के जागा व प्रवेशाच्या वयात ५ वर्षांची सवलत यांचा लाभ याच काळात घ्यावयाचा असतो. मतदानाचा अधिकारही तेव्हाच मिळतो. मात्र जुने हक्क आपोआप थांबतात आणि नवे हक्क अर्ज केल्याशिवाय मिळत नाहीत. दिव्यांग तरुणांची उपेक्षा होते ती मुख्यत्वे या फरकामुळे.

दाखला व ओळखपत्र

सर्व लाभांचे मूळ दिव्यांगत्वाच्या दाखल्यात आहे. १ जून २०२१ पासून हे दाखले केवळ वैश्विक ओळखपत्राच्या संगणकीय प्रणालीद्वारेच दिले जातात. जुना कागदी दाखला घरातील ट्रंकेत जपून ठेवला असेल, तर तो या प्रणालीत आणून घेणे हे पहिले काम होय.

दुसरी बाब दाखल्याच्या मुदतीची. २०१८ साली केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत बौद्धिक अक्षमतेच्या दाखल्याचे ५ व्या, १० व्या आणि १८ व्या वर्षी नूतनीकरण सांगितले असून, अठराव्या वर्षी दिलेला दाखला आयुष्यभर ग्राह्य धरावयाचा आहे. याचा अर्थ असा की, ज्या वर्षी प्रौढांच्या योजनांसाठी अर्ज करावयाचे, नेमके त्याच वर्षी जुन्या दाखल्याची मुदत संपते. जिल्हा रुग्णालयातील तपासणीचा दिवस, तज्ज्ञांची उपलब्धता आणि प्रवास यांत काही महिने जाऊ शकतात. म्हणून दाखल्यावरील मुदतीची तारीख शिक्षकाने दोन वर्षे आधीच नोंदवून ठेवावी. तपासणीच्या दिवशी मुलाबरोबर शाळेचे एक टिपण द्यावे. त्यात मुलाला काय करता येते, कशात मदत लागते आणि फिटस् येतात काय, एवढे लिहिलेले असावे. अनोळखी ठिकाणी बावरलेले मूल अनेकदा काहीच बोलत नाही. अशा वेळी रोज त्याला पाहणाऱ्या शिक्षकाचे टिपण तपासणाऱ्यास उपयोगी पडते.

तिसरी बाब आधार क्रमांकाची. वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षानंतर बोटांचे ठसे व बुबुळांची नोंद नव्याने करणे आवश्यक असते. ती राहून गेली, तर पुढे खात्यावर थेट जमा होणारे अर्थसाहाय्य अडकते. हाताची बोटे आखडलेल्या किंवा ठसे न उमटणाऱ्या व्यक्तींसाठी नोंदणीत अपवादाची सोय आहे. ती पालकांस माहीत नसल्याने ते केंद्रावरून रिकाम्या हाताने परततात. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका आणि दिव्यांगत्वाचा दाखला या चारही कागदांवर नाव व जन्मतारीख एकसारखी आहे काय, हेही याच वेळी तपासावे. नावातील एका काना-मात्रेचा फरक पुढे वर्षभराची धावपळ करावयास लावतो.

अर्थसाहाय्याच्या योजना

महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना राबविली जात आहे. ६५ वर्षांखालील निराधार व्यक्तींबरोबरच दिव्यांग व्यक्तींचाही तिच्या लाभार्थ्यांत समावेश आहे. अर्ज तहसील कार्यालयातील संबंधित शाखेकडे जातो. त्यासोबत वयाचा, रहिवासाचा, उत्पन्नाचा आणि दिव्यांगत्वाचा पुरावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या योजनेतील व श्रावणबाळ योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अर्थसाहाय्य १५०० रुपयांवरून २५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेसाठी ८० टक्के वा अधिक दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब या अटी आहेत. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलत असल्याने अर्जाच्या वेळी लागू असलेला आदेश तहसील कार्यालयात पाहून घ्यावा. उत्पन्नाचा दाखला ठराविक मुदतीचाच असल्याने तो सर्वांत शेवटी काढणे इष्ट होय.

आरोग्याच्या दृष्टीने राष्ट्रीय न्यासाची निरामय ही विमा योजना उल्लेखनीय आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांतील व्यक्तींना तीत १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. तिला वयाची मर्यादा नाही आणि विमा घेण्यापूर्वी वैद्यकीय चाचणीची अटही नाही. अठराव्या वर्षी शाळेतील आरोग्य तपासणी थांबते, तेव्हा हा विमा चालू असणे विशेष महत्त्वाचे ठरते. त्याचे नूतनीकरण चुकू न देण्याची खबरदारी घ्यावी लागते.

ग्रामपंचायत सदस्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. वर्षअखेरीस हा निधी सर्वांना सारखा वाटून संपविण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. त्याऐवजी गावात येत्या दोन वर्षांत अठरा पूर्ण करणारी दिव्यांग मुले कोण आहेत, हे पाहून त्यांच्या तपासणीचा प्रवास, एखाद्या कामाचे प्रशिक्षण किंवा चाकाची खुर्ची यांसाठी त्याचा विनियोग झाला, तर अल्प रक्कमही एखाद्या आयुष्याची दिशा बदलू शकते.

पालकत्व आणि निर्णयाचा अधिकार

सज्ञान झालेल्या प्रत्येक दिव्यांग व्यक्तीस पालक नेमावाच लागतो, हा मोठा गैरसमज आहे. अंध, कर्णबधिर किंवा अस्थिव्यंग असलेल्या तरुणास पालकाची गरज नाही. तो स्वतः खाते उघडू शकतो, करार करू शकतो. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. २०१६ च्या अधिनियमातील कलम १३ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीस जीवनाच्या सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे. तिला आधार देणाऱ्याचा एखाद्या व्यवहारात स्वतःचा स्वार्थ गुंतला असेल, तर त्याने त्या व्यवहारापुरते बाजूला राहिले पाहिजे, असेही हे कलम सांगते. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीच्या वेळी गावातील जाणत्या मंडळींनी या तरतुदीचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.

ज्यांना खरोखरच आधाराची गरज आहे, त्यांच्यासाठी दोन मार्ग आहेत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली वर उल्लेखिलेल्या चार प्रकारांतील व्यक्तींसाठी जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. तीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती यांचा समावेश असतो. आईवडील किंवा नातेवाईक या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करू शकतात. त्या व्यक्तीस पालकाची गरज आहे काय आणि असल्यास कोणत्या कामापुरती, याचा विचार करूनच समिती निर्णय देते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि त्यानंतर दरवर्षी हिशेब सादर करावयाचा असतो. त्याने हेळसांड केली किंवा मालमत्तेचा अपहार केला, तर त्याला दूर करता येते. दुसरा मार्ग २०१६ च्या अधिनियमातील मर्यादित पालकत्वाचा आहे. त्यात पालक व दिव्यांग व्यक्ती यांनी परस्परांशी विचारविनिमय करून एकत्र निर्णय घ्यावयाचे असतात.

बँकेत खाते अज्ञान व्यक्तीच्या नावे असेल, तर अठराव्या वर्षी त्याची कागदपत्रे नव्याने द्यावी लागतात. स्थानिक स्तर समितीने दिलेले पालकत्वाचे प्रमाणपत्र ग्राह्य धरावे, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. शाखेत ही सूचना माहीत नसेल, तर तिचा आधार देऊन लेखी अर्ज करावा. तोंडी नकारावर समाधान मानू नये.

मतदानाच्या हक्काबाबतही स्पष्टता हवी. सक्षम न्यायालयाने मनोविकल म्हणून घोषित केलेली व्यक्तीच मतदार यादीसाठी अपात्र ठरते. केवळ बौद्धिक अक्षमतेच्या दाखल्यामुळे कोणी अपात्र होत नाही. सतरा वर्षे पूर्ण होताच नावनोंदणीचा आगाऊ अर्ज करता येतो. ग्रामसभेत ज्याचे नाव मतदार म्हणून पुकारले जाते, त्याच्याकडे गाव वेगळ्या नजरेने पाहते.

शाळेनंतरचे काम

अर्थसाहाय्याने पोट भरण्यास हातभार लागतो; दिवस भरत नाही. शाळा सुटलेल्या तरुणाला रोज सकाळी कोठे जावयाचे, हा प्रश्न त्याच्या प्रकृतीशी आणि आईच्या मजुरीशीही निगडित आहे. शिकलेली कौशल्ये वापराविना विसरली जातात. चार वर्षे झटून शिकविलेले कपड्यांचे बंद बांधणे, पैसे मोजणे, वेळ पाहणे हे सहा महिन्यांच्या रिकामपणात नाहीसे होऊ शकते.

महाराष्ट्रात या दिशेने जुने व मोलाचे कार्य झाले आहे. मुंबईत १९४४ मध्ये सुरू झालेली जय वकील शाळा आणि पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेली कामायनी या संस्थांनी शाळेला उद्योग प्रशिक्षणाची जोड दिली. मुळशी तालुक्यातील कोळवण येथे १९९४ मध्ये सुरू झालेल्या साधना व्हिलेजमध्ये बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ घरासारख्या वातावरणात एकत्र राहतात आणि आपापल्या शक्तीनुसार काम करतात. तथापि अशा संस्था प्रत्येक तालुक्यात नाहीत आणि सर्वांना संस्थेत पाठविणे हा उपायही नव्हे. २०१६ च्या अधिनियमाने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे. तो गावातच सिद्ध व्हावयाचा आहे.

म्हणून कामाचा शोध गावाच्या व्यवहारातच घ्यावा. रोपवाटिकेत पिशव्या भरणे, दूध संकलन केंद्रावर कॅन धुणे, पिठाच्या गिरणीत डबे ओळीने लावणे, शेळ्या राखणे ही कामे ठरलेल्या क्रमाने व रोज त्याच वेळी होतात. ज्याला नवीन गोष्ट शिकण्यास वेळ लागतो, परंतु एकदा शिकल्यावर ती चुकत नाही, अशा तरुणास ती मानवतात. नववी-दहावीच्या वयापासून आठवड्यातून एक दिवस अशा ठिकाणी शिक्षकासह नेले, तर शाळा सुटते तेव्हा काम नवे राहत नाही आणि काम देणाऱ्याचीही भीड चेपते. ज्यांना पुढे शिकावयाचे आहे, त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग खुला आहे. स्वतःचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांना राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळामार्फत कर्ज मिळू शकते.

या सर्व विचारात एक प्रश्न विचारावयाचा हमखास राहून जातो. प्रारंभी वर्णिलेल्या मुलासाठी शिक्षकांनी मेणबत्त्यांचे प्रशिक्षण योजिले, आईने घरीच ठेवण्याचे ठरविले, मामाने शहरातील संस्थेचे नाव सुचविले, असे सहज घडू शकते. त्याला स्वतःला काय करावयाचे आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. तो शेळ्यांच्या मागे का रमतो, याकडे पाहिले असते तर उत्तर समोरच होते. ज्याला बोलता येत नाही, त्याला चित्रे दाखवून, प्रत्यक्ष कामावर नेऊन आणि तो कोठे हसतो, कोठे तोंड फिरवितो हे पाहून विचारता येते. त्यासाठी वेळ द्यावा लागतो. सोळाव्या वर्षी सुरुवात करावयाची ती यासाठीही.

‘आमच्यामागे काय?’

दिव्यांग मुलाच्या प्रत्येक आईवडिलांच्या मनात हा प्रश्न असतो आणि तो बहुधा रात्रीच विचारला जातो. शासकीय सेवेतील पालकांनी हे जाणून घ्यावे की, महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू असलेल्या कर्मचाऱ्याच्या, दिव्यांगत्वामुळे उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्यास सर्वसाधारण वयोमर्यादेनंतरही कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. परंतु त्यासाठी अपत्याची नोंद सेवेत असतानाच कार्यालयात झालेली असावी. पालकांच्या निधनानंतर वैद्यकीय पुरावा गोळा करण्याची वेळ भावंडांवर आणू नये. ज्यांच्याकडे जमीन वा घर आहे, त्यांनी मृत्युपत्रात या मुलाचा हिस्सा व त्याची देखभाल करणारी व्यक्ती यांचा स्पष्ट उल्लेख करावा. भावंडांशी याविषयी मोकळेपणाने बोलावे. देखभाल हे सक्तीचे ओझे म्हणून नव्हे, तर समजून-उमजून स्वीकारलेले काम म्हणून त्यांच्याकडे गेले पाहिजे.

ज्यांना आईवडीलच नाहीत, त्यांच्यासाठी अठरावे वर्ष अधिक कठोर असते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बालगृहातील मूल अठरा वर्षांनंतर तेथून बाहेर पडते. पश्चात देखभालीची सोय सर्वसाधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत आहे. स्वतःच्या पायावर उभे राहू न शकणाऱ्याने त्यापुढे कोठे जावे? अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांचा सांभाळ करणारे शंकरबाबा पापळकर यांनी हाच प्रश्न वर्षानुवर्षे शासनापुढे व समाजापुढे मांडला. त्यांनी या मुलांना आपले नाव दिले आणि अठरा वर्षांनंतरही त्यांना त्यांच्या घरातच राहू द्यावे, अशी कायद्यात तरतूद व्हावी, ही मागणी लावून धरली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले. त्यांच्याकडे वाढलेली एक दृष्टिहीन तरुणी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. अठराव्या वर्षी घर सुटले नाही, तर काय घडू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

कोणी, केव्हा, काय करावे?

महाराष्ट्र शासनाने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. विभाग राज्याच्या पातळीवर असला, तरी मुलगा गावात असतो. म्हणून कामाची वाटणी गावपातळीवरच व्हावयास हवी. ती पुढीलप्रमाणे करता येईल.

मूल चौदा वर्षांचे झाले की शाळेने त्याची एक स्वतंत्र फाईल करावी. दाखला, त्याची मुदत, आधार, बँक खाते, औषधे आणि त्याला येणारी कामे यांची नोंद तीत असावी. पंधराव्या वर्षी आधारचे नूतनीकरण व्हावे. सोळाव्या वर्षी शिक्षक, पालक, ग्रामपंचायतीचा एक सदस्य आणि गट साधन केंद्रातील विशेष शिक्षक यांनी मुलासह एकत्र बसावे. पुढील दोन वर्षांत काय साधावयाचे ते ठरवावे आणि मुलाची पसंती आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. सतराव्या वर्षी दाखल्याच्या नूतनीकरणाची तारीख घ्यावी, मतदार नोंदणीचा आगाऊ अर्ज करावा आणि पालकत्वाची खरोखर गरज आहे काय याचा निर्णय करावा. अठरा पूर्ण होताच त्याच महिन्यात तहसील कार्यालयातील अर्ज व बँकेतील बदल व्हावेत. शाळा सोडल्यानंतर वर्षभर शिक्षकाने किंवा अंगणवाडी सेविकेने तीन महिन्यांतून एकदा घरी जाऊन यावे. अर्ज मंजूर होऊनही पैसे जमा न होणे, काम सुटणे किंवा मुलगी घरात कोंडली जाणे या गोष्टी केवळ अशा भेटीतच उघड होतात.

मुलींच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. वयात आलेल्या दिव्यांग मुलीला सुरक्षिततेच्या नावाखाली शाळेतून आधीच काढले जाते आणि तिचे नाव कोणत्याच यादीत चढत नाही. सोळाव्या वर्षाची बैठक अठरापूर्वीच शाळा सोडलेल्या मुलींसाठीही घेतली पाहिजे.

अर्ज नाकारला गेला, तर कारण लेखी मागावे. २०१६ च्या अधिनियमानुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमावयाचा असतो. तेथेही न्याय न मिळाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. तक्रार करणे म्हणजे भांडण करणे नव्हे. एका अर्जाचा निकाल लागला की, त्याच कार्यालयात येणाऱ्या पुढच्या दहा अर्जांची वाट सोपी होते.

या कामाला नवा कायदा लागत नाही आणि फार मोठा खर्चही नाही. लागते ती एक फाईल, एक बैठक आणि शाळेच्या फाटकाबाहेरही मुलाची आठवण ठेवणारे एक माणूस. प्रारंभी पाहिलेला तो सोळा वर्षांचा मुलगा दोन वर्षांनी शाळेतून बाहेर पडेल, तेव्हा त्याच्या खिशात ओळखपत्र असेल, नावावर खाते असेल, मतदार यादीत नाव असेल आणि सकाळी आठ वाजता त्याच्या वाटेकडे पाहणाऱ्या चार शेळ्या असतील. त्याच्या आईला मजुरीवर जाताना दाराला बाहेरून कडी घालावी लागणार नाही. एखाद्या ग्रामपंचायतीने येत्या जूनमध्ये आपल्या शाळेचा हजेरीपट उघडून अशी नावे वेगळी लिहून काढली, तरी या कामाचा आरंभ होईल.